न हसवण्याची पैज

पैज लागली ती गेर्गीच्या जनरेटरपाशी, भर दुपारी, आणि लागली ती एकदम फालतू गोष्टीवरून. सरकारी वीज गेलेली होती, म्हणजे सगळं नेहमीसारखं होतं. बैरुतमधल्या त्या चढावरच्या गल्लीला वीज विकणारा गेर्गी आपलं धूड एका प्लॅस्टिकच्या खुर्चीत कोंबून बसला होता, आणि समोर आपल्या मोजे-बनियनांच्या दुकानाच्या पायरीवर वदीह. वय अठ्ठावन्न, पोट पुढं, मिशा अजून काळ्याभोर; कशानं, ते न्हाव्याला विचारा. वदीह नुकतंच सांगत होता की बायकोनं, नुहादनं, कधी नव्हे तो आपणहून बेत काढलाय: शुक्रवारी निघायचं, बेकाच्या खोऱ्यात एका द्राक्षमळ्यावर दोन रात्री राहायचं, वाइन चाखायची, झाडाखाली लोळायचं, रविवारी परत.

"दोन दिवस तुला ऐकायचं म्हणजे मळेवाल्याचं काही खरं नाही," गेर्गी म्हणाला. "द्राक्षं वेलीवरच आंबतील रे."

"मी तोंडच उघडणार नाही. आराम करणार."

"तू? उस्ताद, तू सासऱ्याच्या मयतीत पाद्रीबाबाला हसवलंस. त्या बिचाऱ्याला धूपदाणी खाली ठेवावी लागली."

"धूप नाकात गेला असेल त्याच्या."

"लावतोस पैज? इथून निघाल्यापासून रविवारी इथं उतरेपर्यंत एक विनोद नाही, एक नक्कल नाही, कुणाची खोडी नाही."

तिसऱ्या मजल्यावरून रोटीसाठी दोरीनं टोपली सोडत असलेली उम्म मिलाद वरूनच ओरडली, "गेर्गी, मी तुझ्या बाजूनं! हा मेला झोपेतपण टवाळ्या करतो, मला फरशीतून ऐकू येतं!"

तेवढ्यात खालच्या वळणावरून भंगारवाल्या खलफची तीनचाकी कुंथत वर आली. टपावरच्या कर्ण्यातून त्याची नाकातली हाक: "लोखंऽड, तांबंऽ, बॅटऱ्याऽ, जुने फ्रीज, जुनी मशिनं, विकायचंऽऽ!" गेर्गी त्या गाडीकडं बघत राहिला आणि त्याच्या तोंडावर असं काही हसू पसरलं की वदीहला हेवाच वाटला, हे आपल्याला का नाही सुचलं म्हणून. ठरलं. जो हरेल त्यानं खलफच्या गाडीत भंगारावर उभं राहायचं, कर्ण्याचा माइक हातात घ्यायचा आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत स्वतःला विकायला काढायचं. भाव गल्ली करणार.

"पण तिकडं हा काय दिवे लावतोय ते बघणार कोण?"

"मी सांगेन."

सगळ्यांनी वर बघितलं. दुसऱ्या मजल्यावर नुहाद कपडे वाळत घालत होती, दातांत चिमटा. असल्या फंदात ती कधी पडत नसे. तिनं चिमटा काढून दोरीला लावला आणि म्हणाली, "दोन दिवस एकही विनोद नाही ना? मला चालेल."

गल्ली खो खो हसली. वदीहपण हसला, पण जरा उशिरानं. कारण 'मला चालेल' हे ती हसून म्हणाली नव्हती. डॉक्टरनं मीठ बंद सांगितल्यावर माणूस म्हणतो तसं म्हणाली होती.

आणि मग त्याला बरण्या दिसल्या. रोजच दिसायच्या, पण त्या दिवशी खालून, पायरीवरून, बाल्कनीच्या गजांतून दिसल्या: उलट्या घातलेल्या, धुतलेल्या, कोरड्या ठणठणीत. सप्टेंबर संपत आलेला. सगळ्या जिन्यात अक्रोडाचा, लाल मिरचीचा, लसणाचा वास कोंडला होता, कारण घरोघर मकदूस चाललं होतं. बोटाएवढी वांगी उकडायची, दगडाखाली दाबायची, अक्रोड-मिरची भरून तेलात बुडवायची, की हिवाळ्याची सोय झाली. वास नव्हता तो फक्त दुसऱ्या मजल्यावर. जी बाई हिवाळ्याची वांगी भरत नाही, ती हिवाळ्यात इथं असणार नाही, हे कळायला काही फार मोठी अक्कल लागत नाही. शिवाय जाड गालिचा उम्म मिलादला देऊन झाला होता, 'धूळ फार धरतो' म्हणून. शिवाय सिडनीहून मिरनाचे, लेकीचे, फोन हल्ली स्वयंपाकघरात दार लोटून व्हायला लागले होते. वदीहला सगळं कळलं होतं. आणि कळल्यावर त्यानं काय केलं? मागच्याच आठवड्यात एका उलट्या बरणीवर टिचकी मारली आणि म्हणाला, "वांगी संपावर गेली वाटतं!" नुहादनं तोंड उघडलं होतं, काहीतरी बोलणार होती, ते मिटलं. असं त्यानं या महिन्यात चारदा तरी केलं असेल. ती तोंड उघडायच्या बेतात आली की हा आधी विनोद सोडायचा, जसं कुत्रं अंगावर यायच्या आत लोक हाड टाकतात. आता हाडच काढून घेतलं होतं. त्यानं स्वतः होऊन दिलं होतं, सगळ्या गल्लीसमोर.

शुक्रवारी घाट चढताना धुकं होतं. चौकीवर सैनिकानं वाकून विचारलं, "कुठं?" एरवी वदीहकडं याचं उत्तर तयार असायचं, बायको न्यायला आलोय की सोडायला हे तिलाच विचार, वगैरे, सैनिक हसायचे, पुढं जा म्हणायचे. या वेळी तो नुसता "बेका" म्हणाला. सैनिकानं पुढच्या गाडीकडं बघतच हात हलवला. वदीहला ते झोंबलं. एवढंच? आपण या माणसासमोरून गेलो आणि आपण गेलो हे त्याला कळलंसुद्धा नाही? गाडीत शांतता होती, आणि त्या शांततेत त्याला हळूहळू एक बारीक आवाज ऐकू यायला लागला. आधी वाटलं इंजिनचा पट्टा सैल झालाय. मग कळलं, नुहाद गुणगुणतेय. काचेला डोकं टेकून, धुक्याकडं बघत, नाकातल्या नाकात. त्यानं चोरून बघितलं. एवढ्या वर्षांत या बाईला गुणगुणायची सवय आहे हे त्याला माहीत नव्हतं. माहीत होणार कसं? गाडीत नेहमी तोच बोलत असायचा. घाट संपल्यावर श्तौरा गावाला थांबून दोघांनी दह्याच्या चक्क्याच्या गुंडाळलेल्या रोट्या खाल्ल्या. पुदिन्याचं पान तिच्या दाताला चिकटलं होतं. ते बघून त्याच्या जिभेवर तीन वाक्यं आली, तिन्ही चांगली. तिन्ही त्यानं चक्क्याबरोबर गिळली. "दाताला पान आहे," तो म्हणाला. तिनं बोटानं काढलं. "थँक्यू," म्हणाली. परक्या माणसाला म्हणतात तसं.

त्याला ती पहिल्यांदा सापडली होती ती आवाजानं. एकोणनव्वद साल, याच गल्लीतल्या बिल्डिंगीचं तळघर, वर तोफा. काळोखात सगळी गल्ली एकमेकांच्या मांडीवर बसल्यासारखी बसलेली, आणि प्रत्येक धडाक्याला कुणीतरी विचारायचंच, "आपली की त्यांची?" म्हणजे गोळा इथून गेला की इथं आला. दोन धडाक्यांच्या मध्ये म्हाताऱ्या हन्नानं झोपेत असा काही सणसणीत वारा सोडला की तळघर चिडीचूप झालं, आणि त्या चिडीचूपमध्ये वदीहनं गंभीर आवाजात विचारलं, "आपली की त्यांची?" सगळे फुटले. पण सगळ्यांच्या हसण्यातून त्याला एक हसणं वेगळं ऐकू आलं. आधी उचकी लागल्यासारखा एक धक्का, मग घरंगळत जाणारं. तो त्या उचकीच्या दिशेनं काळोखात गुडघ्यांवर सरकत गेला होता, चार माणसं तुडवत. मेणबत्ती लावली तेव्हा पुढ्यात वीस वर्षांची नुहाद, आईचा हात घट्ट धरून, डोळ्यांत पाणी. पुढं लग्न झालं, मिरना झाली, दुकान झालं, आणि वदीहनं संसाराचं एकच सूत्र धरलं: हसवली की झालं. चालायचं ते. सासरे गेले तेव्हासुद्धा चाललं. पाद्रीबाबा हसले, गल्ली अजून सांगते. नुहादपण हसली होती, रुमाल तोंडात कोंबून, खांदे गदगदत. संध्याकाळी काळे बूट काढताना मात्र म्हणाली, "मला आज रडायचं होतं रे." त्यावरही त्यानं काहीतरी टाकलंच. काय, ते आता आठवत नाही. आठवत नाही हेच बरं.

मग दोन हजार वीस साली बंदरातला तो स्फोट. गल्लीतली एक काच धड राहिली नाही. तो आणि नुहाद मागच्या खोलीत होते म्हणून वाचले. खाली उतरलेल्या, रक्तानं माखलेल्या, भेदरलेल्या माणसांना वदीह म्हणाला होता, "चला, खिडक्या पुसायची कटकट गेली!" आणि लोक हसले होते, खरोखर हसले होते, गेर्गी तर त्याच्या गळ्यात पडून हसता हसता रडला होता. नुहाद झाडत राहिली. झाडूखाली काचेचा तो आवाज. महिनाभरानं तिच्या टाचेतून एक तुकडा बाहेर आला, तांदळाएवढा. तिनं तो बशीत ठेवला, बघितला, फेकून दिला. तेव्हापासून ती उचकी गेली. ती हसायची, नाही असं नाही, पण ते ओठांचं हसणं. वदीहनं मग घरात विनोद वाढवले. रेडिओ लागत नसला की माणूस आवाज वाढवतो तसे.

मळेवाला नकूला वाळका, उंच, साठीचा माणूस. तो मातीबद्दल बोलायचा आणि बोलताना कुणाकडं बघायचा नाही. शनिवारी दुपारी त्यानं पाहुण्यांना दगडी तळघरात नेऊन वाइन चाखवली. चाखायची म्हणजे तोंडात घोळवायची आणि बादलीत थुंकायची. मोठमोठी माणसं, चांगल्या कपड्यांतली, रांगेनं बादलीत थुंकत होती. आता हे बघून गप्प राहायचं म्हणजे वदीहच्या दृष्टीनं उपाशी माणसाच्या नाकाखालून कबाबाचं ताट फिरवणं होतं. त्यानं नुहादकडं बघितलं. ती त्याच्याकडंच बघत होती, शांतपणे, बघूया म्हणून. तो बादलीजवळ गेला, थुंकला, रुमालानं मिशी पुसली आणि म्हणाला, "छान आहे." नकूलानं मान डोलावली. झालं. जगाचं काही बिघडलं नाही. आणि तेच त्याला लागलं.

जेवायला मांडवाखाली लांबच लांब टेबल होतं. नुहादच्या शेजारी जुनियेहून आलेल्या एका दातांच्या डॉक्टराची बायको बसली होती, हातभर बांगड्या. तिनं बऱ्याच वेळानं वदीहकडं बघून आवाज खाली आणला, पण पुरेसा नाही. "मादाम नुहाद, तुमचे मिस्टर किती शांत आहेत हो! विचारवंत आहेत का?"

"मोजे विकतात," नुहाद म्हणाली.

"अय्या!"

"हो ना. एकेका जोडीवर तीन तीन दिवस विचार करतात. डावा कुठला, उजवा कुठला."

सगळं टेबल हसलं. नकूलासुद्धा, आयुष्यात पहिल्यांदाच असावा, कुणाच्या तरी तोंडाकडं बघून हसला. वदीह काट्याला लावलेला घास तसाच धरून बसला. वेळ अचूक होती. आवाज सपाट, चेहरा सरळ, शेवटचं वाक्य सहज टाकलेलं, जणू मीठ पुढं सरकवतेय. हे ती कुठं शिकली? तो बघतच राहिला तिच्याकडं. मग तिनं आणखी एक किस्सा सांगितला, उम्म मिलादच्या टोपलीचा, त्याचाच किस्सा, पण तिनं तो कमी शब्दांत सांगितला आणि जास्त चांगला. त्याला काय वाटलं? अभिमान वाटला, आणि त्याच्या खालोखाल काहीतरी दुखलं. ही अशी होती का? सगळी वर्षं ही अशीच होती, आणि आपण घरातली सगळी हवा एकटेच ओढत होतो? रात्री पलीकडच्या उशीवर ती लगेच झोपली. तो छताकडं बघत पडला आणि त्याला सिडनी आठवलं.

मिरनाच्या लग्नाला महिनाभर गेले होते. तिथं एक खाटिक होता, मोठा हसरा गोरा. वदीहनं त्याला मानेच्या मांसावरून आपला सगळ्यात खात्रीचा विनोद सांगितला, हातवारे करून, आवाज काढून, आणि मिरनानं तो त्यांच्या भाषेत करून दिला. खाटिक नम्रपणे ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "ओके." एवढंच. ओके. आणि मांस कागदात बांधून दिलं. त्यानंतर वदीह दुकानात गेला नाही. तो मिरनाच्या घरासमोरच्या बाकावर बसायचा. स्वच्छ रस्ता, गवत कापलेलं, कुणी बाल्कनीतून ओरडत नाही, कुणी टोपली सोडत नाही, कुणाशी भांडायचं म्हटलं तरी कुणी नाही. तिथं तो वदीह नव्हता, नुसता एक म्हातारा होता, मिशावाला. एकदा मान वळवली तर खिडकीत नुहाद उभी होती आणि त्याच्याकडं बघत होती. किती वेळ, कुणास ठाऊक. तिनं हात हलवला नाही. त्यानं लगेच बाकावर बसल्या बसल्या बस चालवायची नक्कल केली, हॉर्न वाजवला, ब्रेक मारला. ती खिडकीतून गेली होती तोवर.

म्हणजे प्रश्न एवढाच होता, आणि तो त्याला नीट माहीत होता. ती जाणार हे ठरलंय. ती 'तूपण चल' म्हणेल का? आणि म्हणाली, तर तो गल्ली सोडून त्या बाकावर बसायला तयार आहे का? शुक्रवारी सकाळपर्यंत याचं उत्तर 'नाही' होतं. आता, दोन दिवस तसल्याच बाकावर बसल्यासारखं काढून, बादलीत गुपचूप थुंकून, 'बेका', 'छान आहे' अशी माणसं बोलतात तशी वाक्यं बोलून, त्याला वाटायला लागलं होतं की हे जमेल. मरत नाही माणूस. शिवाय ती गुणगुणते. ती टेबलं हसवते. ते ऐकायला कुणी तरी हवं.

रविवारी सकाळी नकूला सगळ्यांना वेलींत घेऊन गेला. खालच्या वाफ्यांत तंबूंत राहणाऱ्या निर्वासित बायका भराभर घड कापत होत्या, आपसात ओरडून बोलत होत्या. नकूलानं एक द्राक्ष तोडून तोंडात टाकलं, गर गिळला, बी दातांत चावून बघितली आणि हातावर थुंकली. बी तपकिरी होती. "गोडीवर जायचं नाही," तो म्हणाला. "गोड ते आधीच होतं, महिनाभर. बी चावून बघायची. हिरवी असली तर कडू लागते, तोडायचं नाही."

"आणि तपकिरी झाल्यावर नाही तोडलं तर?" नुहादनं विचारलं.

"सुकतं वेलीवर."

तिनंही एक द्राक्ष खाल्लं, बी चावली. बराच वेळ चावत राहिली.

बाकीचे पुढं गेले. अक्रोडाच्या झाडाखाली एक लाकडी पलंग टाकला होता, दोघं त्यावर टेकली. अक्रोडाच्या हिरव्या सालींनी खालची माती काळी पडलेली. कुठूनसं मांजर आलं, तिच्या पायाला घासलं. "पुरशील गं मला, पुरशील," ती त्याला मांडीवर घेऊन कानामागं खाजवत म्हणाली. आमच्याकडं लाड असेच करतात, ज्याच्यावर जीव त्याच्या हातून माती मिळो म्हणतात. पण नुहादइतकं ऊठसूट कुणी म्हणत नसेल. मिरनाला, मांजराला, रोटीवाल्याला. आणि वदीहला. पहिल्यांदा म्हणाली होती ती तळघरातच, काळोखात, कानाशी, आणि त्याला घाम फुटला होता.

"वदीह," ती म्हणाली.

"हं."

"मध्ये बोलू नकोस. तू आज बोलणार नाहीस म्हणूनच बोलतेय." तिनं मांजर खाली ठेवलं, स्कर्टवरचे केस झटकले. "मी मिरनाकडं जातेय. व्हिसा झालाय. तीन महिन्यांसाठी नाही, वदीह. कायमची."

वाऱ्यानं एक अक्रोड पडला. वदीहनं तो उचलून मुठीत धरला.

"मला काच झाडायचा आता कंटाळा आला. नातवंडं मोठी व्हायला लागली, मला फोनवर दात दाखवतात. मी काही तुझ्यावर रागावले नाहीये. रागावून बघितलं, जमत नाही. फक्त एक विचारायचं होतं. बरेच दिवस विचारायचं होतं..." ती थांबली. तिनं त्याच्याकडं बघितलं, सरळ, तळघरात मेणबत्ती लागली तेव्हा बघितलं होतं तसं. ओठ उघडले.

आणि वदीह म्हणाला, "आयुष्यभर पुरशील पुरशील म्हणत आलीस, आणि आता खड्डा खणायची वेळ आली तर मला टाकून ऑस्ट्रेलियाला पळतेस?"

त्यानं म्हटलं नाही ते. ते आपोआप बाहेर पडलं, उंबऱ्याला पाय लागल्यावर हात पुढं येतात तसं. शब्द हवेत होते तेव्हाच त्याला ते परत तोंडात ओढावेसे वाटले. मग नुहादच्या छातीतून एक धक्का आला. उचकी. आणि मागोमाग हसणं घरंगळत आलं, मोठं, मोकळं, मान मागं टाकून. मांजर पळालं, वेलींतल्या बायकांनी माना वर करून बघितलं. ती हसत होती, डोळे पुसत होती आणि पुन्हा हसत होती. एवढी वर्षं ज्याची वाट बघितली ते हसणं. वदीह ते ऐकत होता. पण ते हसणं ओसरलं तेव्हा तिच्या चेहऱ्यावरून तो प्रश्नपण ओसरला होता.

"काय विचारणार होतीस?" तो म्हणाला.

"कुठं काय?"

"विचारणार होतीस काहीतरी."

"काही नाही रे." तिनं त्याच्या गालावर हात ठेवला, मिशीची एक बाजू अंगठ्यानं सारखी केली. "तू असाच आहेस. असाच राहा." आणि उठली. "पैज हरलास मात्र."

घाट उतरताना तो म्हणणार होता. श्तौराला म्हणणार होता, चौकीवर म्हणणार होता. 'मी येतो' एवढे दोनच शब्द. पण साधं वाक्य तोंडात घेऊन बघितलं की ते कुणा दुसऱ्याचं वाटायचं, उसन्या कोटासारखं. नुहाद गुणगुणत नव्हती.

गल्लीत सगळे जमलेच होते. गेर्गीनं खुर्च्या मांडल्या होत्या. खलफ तीनचाकी लावून बसला होता. फेरी बुडतेय म्हणून कुरकुरत होता, पण हसतही होता. गाडी थांबली, नुहाद उतरली, आणि गेर्गीनं लग्नात विचारतात तसं विचारलं, "मादाम नुहाद, बोला! जिंकला की हरला?"

"हरला," ती म्हणाली. पिशवी उचलली आणि जिना चढून गेली.

जो ओरडा झाला तो काय विचारता. वदीहला अक्षरशः उचलून खलफच्या गाडीत ठेवलं, एका जुन्या वॉशिंग मशीनच्या आणि दोन गंजलेल्या रेडिएटरांच्या मध्ये. खलफनं कर्ण्याचा माइक हातात दिला. वदीहनं वर बघितलं. नुहाद बाल्कनीत आली होती, कठड्यावर हात ठेवून, उलट्या बरण्यांच्या शेजारी. त्यानं घसा खाकरला, आणि कर्ण्यातून तो खाकरा तीन गल्ल्यांत गेला. लोक तिथूनच हसायला लागले.

"जुना माणूऽस!" त्यानं खलफच्या नाकातल्या आवाजात हाक घातली. "जुना माणूस विकायचाऽऽ! अठ्ठावन्न वर्षं वापरलेला! एकाच हातचा!"

"मिशा अस्सल आहेत का रे?" न्हावी ओरडला.

"तू रंगवल्यास, तुलाच माहीत!"

"मोटार चालते का?" तिसऱ्या मजल्यावरून उम्म मिलाद.

"चालते, उम्म मिलाद! बंदच पडत नाही, हीच तर तक्रार आहे!"

गल्ली लोळत होती. गाडी फूट फूट पुढं सरकत होती. गेर्गी शेजारून चालत होता, डोळे पुसत, आणि त्यानं कोणतंही गिऱ्हाईक विचारेल तेच विचारलं, "मग मालक का विकतोय?"

यावरही वदीहकडं उत्तर होतं, नेहमीच असायचं. ते त्यानं येऊ दिलं नाही.

"मालकीण चाललीय," तो कर्ण्यात म्हणाला, आपल्या स्वतःच्या आवाजात. "सिडनीला. कायमची."

जबरदस्त हशा पिकला.

"नुहाद, विचार ना. तिथं विचारणार होतीस ते विचार. मी येतो. बाकावर बसेन. कुणी नाही हसलं तरी चालेल मला. मी बोलणारपण नाही, तू बोल. मला टाकून जाऊ नको गं."

गेर्गी गाडीच्या कडेला धरून वाकला होता, पोट धरून. "बस कर रे! मारशील आता!" कुणीतरी शिट्ट्या मारत होतं, कुणी टाळ्या. आवाज किती हुबेहूब काढलाय बघा, असं कुणीतरी कुणाला तरी सांगत होतं. फक्त तिसऱ्या मजल्यावर उम्म मिलादनं हात तोंडावर नेला होता. तिला बहुतेक गालिचा आठवला.

वदीह वर बघत होता. नुहाद हसत नव्हती. एवढ्या सगळ्या गल्लीत तिला पक्कं कळलं होतं की हे खरं आहे. ती कठड्यावरून थोडी वाकली, जणू त्याला अजून नीट बघायचं होतं, भंगारात उभा, हातात माइक, भोवती हसणारी माणसं, एकूण एक त्याची माणसं. मग तिनं भुवया किंचित वर केल्या, हनुवटी किंचित वर. बाल्कनीतून बायका रोज करतात तसं, खाली रोटीवाला येतो, भाजीवाला येतो, भंगारवाला येतो, त्याला: नको रे बाबा, जा पुढं. त्यात राग नव्हता. दयाही नव्हती. खूप माया होती, आणि नकार होता.

"घेत नाही म्हणते!" गेर्गी किंचाळला. "मालकीणच घेत नाही म्हणते! चल खलफ, पुढं!"

खलफनं गिअर टाकला. शर्तीप्रमाणं टोकापर्यंत जायचंच होतं. वदीह रेडिएटरला धरून उभा राहिला आणि गाडी त्याला घेऊन उतार उतरायला लागली, बाल्कनी मागं गेली, दुकान मागं गेलं, माणसं हसत हसत मागून येत होती. त्याचा अंगठा माइकच्या बटणावर तसाच दाबलेला होता. कर्ण्यातून काहीच हाक येत नव्हती, नुसता त्याचा श्वास येत होता, आत, बाहेर, आत, बाहेर, सगळ्या गल्लीभर, आणि लोक एकमेकांना गप्प करत होते, थांबा, थांबा, आता काहीतरी टाकणार बघा.